जुना टीव्ही-गेम घेताना

मैत्रिणींनो, आजचा विषय पाहून तुम्ही म्हणाल, ही बाई डाळी-मसाले सोडून आज भलतीकडेच कुठे निघाली! मागच्या खेपेला आपण पावसाळ्यात डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावं ते पाहिलं, आणि आज एकदम टीव्ही-गेम? पण जरा थांबा. आपल्यापैकी ज्या आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांनी १९९०च्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचं ते यंत्र कुठे ना कुठे पाहिलेलं असणारच. स्वतःच्या घरी नसेल तर शेजारच्या बिऱ्हाडात. त्या चौकोनी कॅसेटा, त्यांवरची रंगीबेरंगी चित्रं, वर ठळक अक्षरांत ‘९९९९ खेळ’ असं लिहिलेलं आणि आत मोजायला जावं तर तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून!

आता ती मुलं मोठी झाली. हातात चार पैसे आले आणि ‘तो गेम परत मिळाला तर काय मजा येईल’ अशी हुक्की घरोघरी येऊ लागली आहे. नवऱ्याच्या चाळिशीला किंवा भावाच्या वाढदिवसाला हीच भेट द्यावी, असं आपल्याही मनात येतं. मग शोधायला लागलं की कळतं, एकाच यंत्राचे चार-पाच अवतार आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. चुकीचा घेतला तर पैसे पाण्यात. मी एक चूक करता करता वाचले आणि दुसरी मात्र केलीच. म्हणून आज हे लिहिते आहे.

आमच्याकडे हा विषय निघाला आईमुळे. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर ती डोंबिवलीहून आमच्याकडे माजिवड्याला चार दिवस राहायला आली. आल्या आल्या पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. “माळा आवरला. हा टाकवेना, तुझ्याकडे ठेव,” एवढंच म्हणाली. आत अकरा कॅसेटा होत्या. यंत्र कधीच बिघडून भंगारात गेलं होतं. झाकणाला आतून चिकटवलेल्या कागदावर दादाने केलेली खेळांची यादी, आणि तिच्याखाली माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात ‘सर्कस माझी आहे.’

तुमच्यापासून काय लपवायचं? त्या वेळी दादाशी माझं बोलणं नव्हतं. वडील गेल्यावर डोंबिवलीच्या घराच्या कागदांवर माझी सही हवी होती. हक्कसोडपत्र म्हणतात त्याला. मी म्हटलं, “दादा, आधी मला वाचू दे.” त्याला वाटलं, बहीण संशय घेते. मला वाटलं, मला कुणी विचारलंच नाही, नुसतं ‘इथे सही कर’ सांगितलं. झालं, अबोला सुरू! दोन वर्षं भाऊबीजेला वहिनींनी ओवाळणी पाठवायची आणि मी ‘पोचली’ म्हणून कळवायचं, एवढाच व्यवहार उरला होता.

तो डबा उघडला आणि मी मनाशी ठरवलं, या भाऊबीजेला दादाला घरी बोलवायचं आणि या कॅसेटा चालू करून त्याच्यापुढे ठेवायच्या. शाळेत अर्धवेळ शिकवते त्या पगारातले चार हजार रुपये यासाठी बाजूला काढले. एकाच खेपेला नीट वस्तू घ्यायला हवी होती.

आता थोडी वंशावळ पाहू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. हे यंत्र मूळचं जपानचं. निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ते ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाने बाजारात आणलं. जपानी लोक त्याला लाडाने ‘फॅमिकॉम’ म्हणतात. किंमत १४,८०० येन. लाल-पांढरं, डब्याएवढं. त्याची रचना मसायुकी उएमुरा या अभियंत्यांच्या देखरेखीखाली झाली. १९८५ साली तेच यंत्र नवा करडा पेहराव घालून अमेरिकेत गेलं. तिथे त्याचं नाव ‘एनईएस’. व्हिडिओ कॅसेट घालतात तशी यात कॅसेट समोरून आत सरकवायची. १९९३ साली जपानमध्ये फॅमिकॉमची सुधारलेली आवृत्ती आली. तिला टीव्हीला जोडायच्या एव्ही वायरची सोय दिली होती. जपानी आणि अमेरिकी मिळून जगभर सहा कोटींच्या वर यंत्रं खपली. २००३ साली कंपनीने जपानमधलं उत्पादनही बंद केलं.

आणि आपल्याकडे? आपल्या लहानपणी दुकानांतून दिसायची ती समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांची यंत्रं. आपल्याकडची बहुतेक यंत्रं या जपानी फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेली होती. म्हणून आपल्या कॅसेटाही जपानी मापाच्या.

मी चार ठिकाणी चौकशी केली आणि चार ठिकाणांहून चार सल्ले आले. न्यू जर्सीला असलेल्या माझ्या नणंदेने सांगितलं, “वहिनी, आमच्या तळघरात मुलांचं करडं यंत्र पडून आहे, येताना आणते.” यांच्या कचेरीतले एक मित्र काही वर्षं जपानला राहून आलेले. त्यांच्याकडे १९९३चं फॅमिकॉम होतं, ते साडेपाच हजारांना द्यायला तयार होते. मोबाईलवर जाहिराती पाहिल्या, तर लाल-पांढऱ्या मूळ यंत्राचे सात हजार. आणि बाजारात नवी कोरी, शेकडो खेळ पोटात भरलेली यंत्रं हजाराच्या आत. हे म्हणाले, “घ्यायचं तर अस्सल घे, नक्कल कशाला?” मलाही ते पटलं होतं. पण स्वयंपाकघरात मिक्सर घेताना आपण नुसतं नाव पाहतो का? भांडं बसेल का, प्लग लागेल का, दुरुस्ती कोण करील, हेही पाहतो ना? तसंच इथेही पाहायचं.

पहिली गोष्ट कॅसेटची. घरी जुन्या कॅसेटा असतील तर यंत्र त्यांच्या मापाचं हवं. कॅसेट उलटी धरून तोंडाशी दिसणाऱ्या पिवळ्या पट्ट्या मोजा. जपानी मापाच्या कॅसेटला एका बाजूला ३० अशा दोन्हीकडे मिळून ६० पट्ट्या असतात. अमेरिकी कॅसेटला ७२, आणि ती आकारानेही मोठी. माझ्या अकराही कॅसेटा ६०वाल्या निघाल्या. म्हणजे नणंदेचं यंत्र प्रेमाने आलं असतं, पण डबा तसाच बंद राहिला असता. मधे घालायचा जोड मिळतो, पण तो शोधा, तो बसवा, एवढा खटाटोप कुणी सांगितलाय? शिवाय समोरून कॅसेट घालायच्या त्या अमेरिकी यंत्राची आतली पकड वर्षांनी सैल होते, आणि मग पडदा सारखा मिचमिचत राहतो. नवी, खेळ पोटात भरलेली यंत्रंही मी याच कारणाने बाद केली. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांना कॅसेटची खाचच नसते. घेण्याआधी ती जरूर पाहा.

दुसरी गोष्ट टीव्हीची. १९८३च्या लाल-पांढऱ्या यंत्रातून चित्र बाहेर पडतं ते फक्त अँटेनाच्या वायरीने, आणि तेही जपानी टीव्हीच्या वाहिनीवर. आपल्याकडच्या टीव्हीच्या वाहिन्यांशी तिचा मेळ बसत नाही. माहितगार कारागिराकडून आत एव्हीची जोडणी करून घ्यावी लागते. १९९३च्या यंत्राला ही अडचण नाही. आपल्याकडच्या बऱ्याचशा जुन्या यंत्रांनाही पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरी लागतात. तुमच्या नव्या टीव्हीला ती गोल पिवळी खाच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करून देणारी छोटी डबी मिळते. पण एक लक्षात ठेवा. पातळ टीव्हीवर बटण दाबल्यावर हालचाल किंचित उशिरा होते. टीव्हीच्या मांडणीत ‘गेम मोड’ असेल तर तो लावा, पुष्कळ फरक पडतो. आणि बदकं मारायची बंदूक असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका. ती जुन्या काचेच्या ट्यूबवाल्या टीव्हीच्या प्रकाशावर चालते. पातळ टीव्हीवर कितीही नेम धरा, बदक पडत नाही!

तिसरी गोष्ट विजेची, आणि इथेच माझी चूक झाली. यांच्या मित्रांनी त्यांचं यंत्र दोन दिवस पाहायला दिलं होतं. हे कामावर गेलेले, मुलगी शाळेत. मला कुठला धीर! जपानी अडॅप्टरच्या दोन चपट्या पिना आपल्या खाचेत बसेनात, म्हणून प्रवासात वापरतात तो जोड लावला आणि बटण दाबलं. दोनच मिनिटांत जळका वास आला आणि अडॅप्टर गार पडला. जपानमध्ये घरात वीज असते १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. पिना बदलणारा जोड व्होल्ट कमी करत नाही, हे साधं मला सुचलं नाही. नशिबाने यंत्र वाचलं, पण अडॅप्टरचे पैसे भरून द्यावे लागले आणि मित्रांच्या बायकोपुढे मान खाली गेली ती वेगळीच.

तेव्हा बायांनो, परदेशी यंत्र घेतलंत तर अडॅप्टरवर काय छापलं आहे ते आधी वाचा. तिथे फक्त १०० किंवा १२० लिहिलं असेल तर व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेलच. दुसरं म्हणजे, जपानी यंत्राला एकदिश म्हणजे डीसी वीज लागते आणि अमेरिकी यंत्राचा अडॅप्टर एसी वीज देतो. अमेरिकी अडॅप्टर जपानी यंत्राला लावला तर यंत्रालाच धक्का. पिनेच्या आतला भाग ऋण की धन, याची खूण यंत्रावर किंवा अडॅप्टरवर असते, तीही जुळवून घ्या. समजत नसेल तर जाणत्याला दाखवा, त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट रिमोटची. आम्ही त्याला रिमोटच म्हणायचो. जपानच्या मूळ लाल-पांढऱ्या यंत्राचे दोन्ही रिमोट वायरीने आतच जोडलेले असतात. वायर तुटली तर यंत्र उघडावं लागतं. शिवाय त्यातल्या दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’चं बटणच नाही, त्याऐवजी छोटा मायक्रोफोन आहे. १९९३च्या यंत्राचे रिमोट काढता-घालता येतात आणि दोन्हींना सगळी बटणं असतात. आपल्याकडच्या पुष्कळ यंत्रांत रिमोट पिनेने निघतात, पण दुसऱ्याला स्टार्ट बहुधा नसतंच. आमच्याकडेही नव्हतं. दादा मोठा, म्हणून पहिला रिमोट कायम त्याचा. मला पाणी प्यायला जायचं असलं तरी ‘दादा, थांबव ना’ म्हणून विनवावं लागे.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुठल्याच जाहिरातीत सापडली नाही. जळका अडॅप्टर घेऊन मी ठाणे स्टेशनजवळच्या एका वयस्कर दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मित्रांच्या यंत्राला योग्य अडॅप्टर लावून दिला, माझी एक कॅसेट घातली आणि मारिओचं गाणं सुरू झालं. ऐकते तर काय, गाणं तेच, पण धावत सुटलेलं! मारिओही तुरुतुरु पळतोय. मी म्हटलं, “काका, हे बिघडलं की काय?” ते हसले आणि म्हणाले, “ताई, हेच बरोबर आहे. तुम्ही लहानपणी ऐकलं ते सावकाश होतं.”

त्यांनी मग समजावून सांगितलं. जपान आणि अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते पॅल पद्धतीचं, सेकंदाला ५० वेळा. या यंत्रातला खेळ आणि गाण्याचा ताल दोन्ही पडद्याच्या त्या ठेक्यावर चालतात. म्हणून आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनवलेल्या यंत्रांत सगळं एक षष्ठांशाने संथ. जपानमध्ये एका मिनिटात संपणारं गाणं आपल्याकडे एक मिनिट बारा सेकंद चालायचं. मी पडले मराठीची बाई, पण हे गणित मलाही चटकन कळलं.

घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच विचार. अस्सल म्हणायचं ते कुठलं? कंपनीच्या दृष्टीने जपानचं यंत्र अस्सल, यात शंकाच नाही. खेळ ज्याने बनवला त्याच्या मनातला वेग तोच. तुमच्या घरच्या माणसाला संग्रह करायचा असेल, किंवा त्याचं लहानपण परदेशात गेलं असेल, तर तेच घ्या. त्यातही वापरायला १९९३चं सोयीचं. पण मला दादासाठी घ्यायचं होतं. दादाच्या कानात बसलेलं गाणं डोंबिवलीच्या घरातलं होतं, संथ. त्याच्या बोटांना उडी कधी मारायची ते त्या तालावर ठाऊक होतं. सात हजारांचं यंत्र आणून मी त्याला त्याच्याच खेळात नवखा केला असता.

दुसऱ्या दिवशी परत काकांकडे गेले. त्यांच्या फळीवर १९९०च्या दशकातलं आपल्याकडचं एक यंत्र होतं, थोडं पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याला टवका गेलेलं. त्यांनी ते उघडून पुसलं, नवा अडॅप्टर दिला, दोन रिमोट तपासून दिले. सगळे मिळून १,८०० रुपये. त्यांनी एक प्रामाणिक इशाराही दिला. मूळ जपानी यंत्रात मुख्य चिप वेगवेगळ्या असतात, एखादी गेली तर जुन्या यंत्रातली काढून बसवता येते. या नकलांपैकी अनेकांत सगळं एकाच काळ्या थेंबाखाली बंद केलेलं असतं, तो गेला की यंत्र संपलं. ही नकलेची खरी उणी बाजू. पैसे देण्याआधी तुम्हीही तुमच्या कॅसेटा नेऊन अर्धा तास समोर चालवून पाहा.

आता कॅसेटांची निगा. लहानपणी आपण सगळ्याच जणी कॅसेटमध्ये जोराने फुंकर मारत होतो. ते मुळीच करू नका. तोंडातल्या ओलीने पट्ट्या गंजतात. फुंकल्यावर चालायची ती काढून परत नीट बसवल्यामुळे. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरवा. काडी काळी निघेल, ती निघेनाशी होईपर्यंत बदलत राहा. पूर्ण वाळल्याशिवाय यंत्रात घालू नका. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक उन्हात ठेवून पांढरं करायच्या भानगडीत पडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तसंच राहू द्या. माझ्या अकरा कॅसेटांपैकी आठ चालल्या. सर्कस चालली नाही, याची हळहळ वाटली.

भाऊबीजेला मी वहिनींना फोन केला, “तुम्ही सगळे या, जेवायलाच या.” दादा येईल याची खात्री नव्हती. आला. ओवाळून झालं, जेवण झालं, बोलणं मात्र आपलं हवा-पाण्याचं. मग मी टीव्ही लावला. गाणं सुरू झालं तशी त्याने मान वर केली. दोन क्षण ऐकलं आणि म्हणाला, “अरे, हे तर आपलंच!” माझ्या मुलीने मोबाईलवर ऐकलेलं गाणं असं नव्हतं, म्हणून ती ‘मामा, हे स्लो आहे’ असं सांगू लागली, तर तो म्हणाला, “हेच बरोबर आहे.”

नंतर त्याने रणगाड्यांची कॅसेट लावली. १९८५चा तो खेळ दोघांनी मिळून खेळायचा असतो, खाली विटांच्या आडोशाला ठेवलेला गरुड राखायचा. पिवळा रणगाडा पहिल्याचा, हिरवा दुसऱ्याचा. मी सवयीने दुसऱ्या रिमोटला हात घातला, तर त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पहिला पुढे केला. “तू घे. कधी थांबवायचं ते तुझ्याकडे,” म्हणाला. आम्ही तासभर खेळलो. एकमेकांच्या गोळ्या चुकून एकमेकांना लागत होत्या. त्या खेळात जोडीदाराची गोळी लागली तर रणगाडा मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी खिळतो. गरुड मात्र दोनदा गेला, तो माझ्याच गोळीने. वहिनी आणि आई हसून हसून बेजार.

निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, “पुढच्या रविवारी डोंबिवलीला ये. कागद काढून ठेवतो, दोघं बसून वाचू.” सही अजून झालेली नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. दोन रविवार वाचलं, वकिलांना चार प्रश्न लिहून दिले आहेत. पण आता प्रश्न आम्ही दोघं मिळून विचारतो आहोत.

यंत्र आमच्याकडेच राहिलं आहे, टवका गेलेल्या कोपऱ्यासकट. चार हजारांतले उरलेले पैसे जळक्या अडॅप्टरपोटी आणि भाऊबीजेच्या जेवणात गेले, असं यांना सांगितलं. तेही खोटं नाही! तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशा कॅसेटा असतील तर त्या टाकण्याआधी पट्ट्या मोजा, आणि घरात ते गाणं कुणाच्या कानात कोणत्या तालात बसलंय ते विचारा. यंत्र त्यावरून ठरवा. आणि हो, कुणाकडे चालू असलेली सर्कस असेल तर मला जरूर कळवा.